ट्यूब सोडून बाकी सगळं

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पुटकुळ्यांचा फोटो मिळाला, तोही अर्धा चेहरा ओढणीत. खाली एकच ओळ : "काकू, एखादी चांगली ट्यूब सांगा ना." मेडिकलच्या काउंटरमागे 30 वर्षं काढताना ही ओळ इतक्यांदा ऐकली, की आता ट्यूब सोडून बाकी सगळं सांगते.

तोंड सहा-सहा वेळा धुणं आधी थांबव. नाकावरचे काळे ठिपके म्हणजे मळ नव्हे. ते त्वचेतलंच मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य, हवा लागून काळवंडलेलं. घासून ते जात नाहीत, उलट कातडी चिडते. दोनदा धुतलंस की पुरे.

वयात आल्यावर अँड्रोजेन संप्रेरकं तेलग्रंथींना कामाला लावतात. छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशींचं बूच बसतं, मागे तेल तुंबतं, त्यावर जिवाणू पोसतात, मग सूज आणि पू. आज वर आलेल्या पुटकुळीची तयारी कित्येक आठवडे आधीच झालेली असते. त्यामुळे खऱ्या औषधालाही 8 ते 12 आठवडे लागतात, आणि नेमका तेवढा धीर कुणाकडे नसतो.

तिथेच ती ट्यूब येते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल अशी स्टिरॉइडं असलेली, मैत्रिणीनं सांगितलेली. चार दिवसांत लाली उतरते, रंग उजळतो, पोरगी खूश. महिन्या-दोन महिन्यांत कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, उन्हात आग होते. बंद करावी तर पुटकुळ्या दुपटीनं उसळतात, म्हणून ती पुन्हा तीच ट्यूब घ्यायला येते. अशा कितीजणींना मी पाहिलंय. सुरुवातीच्या वर्षांत मुकाट्यानं ट्यूब हातातही दिलीय. 2018 मध्ये अशा बऱ्याच मलमांना डॉक्टरच्या चिठ्ठीची सक्ती झाली. तरी मागणारे मागतात, देणारे देतात.

आजीचं उगाळलेलं जायफळ आणि लिंबू, दोन्ही नको. आजीला मी समजावते. कपाळावर ओघळेल इतकं तेल केसांना चोपडू नकोस. आणि फोडू नकोस. आपल्या सावळ्या कातडीवर पुटकुळी जाते, डाग महिनोन्‌महिने राहतो.

त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. बहुधा बेंझॉइल पेरॉक्साइड हे लावायचं औषध मिळेल. 2.5 टक्केवालं 10 टक्क्यांइतकंच काम करतं आणि आग कमी होते, पण टॉवेलचा रंग उडवतं, तेव्हा जुनाच वापर. रात्री ॲडापलीन हे छिद्रं मोकळी करणारं औषध, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. पहिले काही आठवडे चेहरा कोरडा पडेल, कदाचित आणखी बिघडल्यासारखा वाटेल. तेवढ्यात सोडू नकोस. अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या तर त्या ठरावीक मुदतीपुरत्याच, आणि सोबत लावायचं औषध हवंच. आयसोट्रेटिनॉइनचं, म्हणजे हट्टी पुटकुळ्यांवरच्या गोळ्यांचं, नाव निघालं तर घाबरू नकोस, पण नीट ऐकून घे : ते चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर दिवस राहता कामा नयेत, गर्भात गंभीर व्यंग येतं. मुलगी लग्नाची नाही म्हणून डॉक्टर हे सांगायला संकोचले, तर तू विचार.

मागे पाळी दोन-दोन महिने लांबते म्हणाली होतीस. हनुवटीवर राठ केस येत असतील तर तेही सांग, पीसीओएस, म्हणजे संप्रेरकं बिघडून पाळी लांबवणारा विकार, आहे का ते तपासतील. तारखा कागदावर लिहून ने. आणि आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून ने, रिकाम्यासुद्धा.

तुझी,
काकू