वेग वाढवताना गाडी थरथरते तेव्हा

खर्च करण्यापूर्वी हा थरथराट गाडीच्या वेगाशी बांधलेला आहे की इंजिनावरच्या भाराशी, एवढे आधी ठरवा. मोकळ्या, सरळ रस्त्यावर ज्या वेगाला थरथर जाणवते त्या वेगाला या आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद उचला.

पाय उचलल्यावरही ताशी ८० ते १०० किलोमीटरच्या दरम्यान स्टिअरिंग थरथरतच राहिले, तर व्हील बॅलन्सिंग, वाकलेली रिम किंवा फुगवटा आलेला टायर तपासावा. पाय उचलताच थरथर थांबत असेल आणि गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल, तर माझा पहिला संशय एक्सलच्या (गिअरबॉक्समधून चाकाला जोर पोहोचवणाऱ्या दांड्याच्या) आतल्या, गिअरबॉक्सकडच्या सीव्ही जॉइंटवर, म्हणजे दांडा वळवून फिरू देणाऱ्या सांध्यावर जातो, कारण त्यातले रोलर ज्या खाचांत सरकतात त्या झिजल्या की जोर पडताच एक्सल डावी-उजवीकडे ढकलला जातो आणि चढावर हा त्रास अधिक जाणवतो. गाडी उचलून या जॉइंटवरचे रबरी आवरण (बूट) फाटले आहे का, ग्रीस बाहेर उडाले आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. वळताना येणारा कटकट आवाज मात्र बहुधा बाहेरच्या, चाकाकडच्या जॉइंटचा असतो. दोन्हींची गल्लत होऊन चांगला भाग बदलला जातो, याचे मला फार वाईट वाटते.

गाडी उभी असतानाही इंजिन हादरत असेल, तर इंजिन माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारे आधार), स्पार्क प्लग आणि प्लगला वीज पुरवणारी इग्निशन कॉइल पाहावेत. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर गाडी दामटू नका. तो इंजिनात पेट्रोल नीट जळत नसल्याचा इशारा असतो, आणि न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करते.