गोठ्यातील प्रथमोपचार पेटी : काय ठेवावे आणि काय मुळीच ठेवू नये

प्रश्न : आमच्याकडे दोन संकरित गाई, एक म्हैस आणि एक बैलजोडी आहे. दवाखाना लांब असल्याने गोठ्यात प्रथमोपचार पेटी ठेवायची आहे. औषध दुकानदाराने प्रतिजैविकाची इंजेक्शने, कॅल्शियमची बाटली, तापाचे इंजेक्शन आणि सडात सोडायच्या ट्यूब अशी यादी करून दिली आहे. ती घ्यावी काय? आणखी काय लागेल?

उत्तर : ही यादी घेऊ नये. पशुवैद्यक येईपर्यंतच्या वेळेत जनावराची इजा वाढू नये, एवढ्यासाठीच ही पेटी असते, आणि आपल्या यादीतील एकही वस्तू त्या कामाची नाही. कॅल्शियम शिरेतून भरभर सोडले तर गाईचे हृदय तिथल्या तिथे बंद पडू शकते. अशा दगावलेल्या गाई मी अनेक गोठ्यांत पाहिल्या आहेत. सडात ट्यूब आधी सोडली की दुधाच्या नमुन्यातून कासदाहाच्या (कासेच्या सुजेच्या) जंतूंचा नीट शोध लागत नाही, आणि औषधाचा अंश उतरलेले दूध घरातली मुलेही पितात. तापाच्या इंजेक्शनात येणाऱ्या वेदनाशामकांपैकी डायक्लोफिनॅक जनावरांसाठी २००६ पासून, तर केटोप्रोफेन व असिक्लोफिनॅक २०२३ पासून बंद आहेत, कारण अशी औषधे दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणारी गिधाडे मरतात. तरीही माणसांसाठीच्या कुप्या गोठ्यात सर्रास पोहोचतात. पेटीत इंजेक्शन नको, दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी नको.

सर्वांत आधी डिजिटल थर्मामीटर आणि एक वही घ्यावी. बाकी काही जमले नाही तरी चालेल, पण या दोन वस्तू हव्यातच. थर्मामीटरच्या मागच्या टोकाला दोरा बांधून तो चिमट्याने शेपटीच्या केसांना अडकवावा, पुढच्या टोकाला थोडे खोबरेल तेल लावावे आणि गुदद्वारात घातल्यावर ते किंचित तिरपे करून आतल्या भिंतीला टेकवावे. ते शेणात रुतले तर आकडा चुकतो. गाईचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हशीचे थोडे कमी. निरोगी जनावराचे तापमानही सावलीत, सकाळ-संध्याकाळ चार दिवस मोजून लिहून ठेवावे. व्यालेली गाय मान पोटाकडे वळवून बसली, कान गार पडले आणि थर्मामीटर १०१ च्या खाली दाखवत असेल, तर तिला तापाची गोळी देण्यात काहीच अर्थ नाही. पशुवैद्यकांना बोलवावे आणि ती आडवी पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना भुशाची पोती लावून तिला छातीवर बसती ठेवावे. अशा गाईला गिळता येत नाही, म्हणून तोंडावाटे काहीही पाजू नये.

जखमेसाठी पोटॅशियम परमँगनेट, पोव्हिडोन आयोडीन, कापूस, गॉज, रुंद पट्टी, बोथट टोकाची कात्री, रबरी हातमोजे आणि साधा अंगाचा साबण ठेवावा. परमँगनेटचे मोजकेच दाणे पाण्यात टाकावेत. पाणी फिकट गुलाबी दिसले की पुरे. ‘गडद केले की लवकर बरे होते’ हा सल्ला चुकीचा आहे, कारण गडद जांभळे पाणी नवे मांस जाळते. जखमेत अळ्या पडल्यास टर्पेंटाईनमध्ये भिजवलेला गॉज काही मिनिटे आत ठेवावा आणि बाहेर येणाऱ्या अळ्या चिमट्याने काढाव्यात. फिनाईल, पेट्रोल किंवा पिकावर मारायचे कीटकनाशक जखमेवर कधीही टाकू नये. जनावर जखम चाटते आणि विषबाधा होते. ऊस वाहतुकीच्या हंगामात बैलाला खांदेसूज आली तर पहिला उपाय जू उतरवण्याचा आहे, मलम त्यानंतर.

कुत्रा चावला तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि लसीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लाळ गाळणाऱ्या, गिळता न येणाऱ्या जनावराच्या तोंडात घशात काही अडकले असेल म्हणून हात घालू नये. ते पिसाळलेले असू शकते आणि त्यात माणसाचा जीव जातो.

लसूणघास जास्त खाऊन डावी भकाळी (बरगड्यांमागचा पोटाचा खोलगट भाग) फुगली तर उभ्या आणि शुद्धीवर असलेल्या मोठ्या जनावराला पाव ते अर्धा लिटर गोडेतेल हळूहळू पाजता येते. जीभ ओढून धरू नये, मान फार उंच करू नये आणि ठसका लागताच थांबावे, कारण फुप्फुसात गेलेले तेल पोटफुगीइतकेच घातक ठरते. भकाळीत सुई किंवा सुरी खुपसण्याचा प्रयोग कोणी सुचवला तरी करू नये.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. फोन करण्यापूर्वी तापमान, शेवटचे रवंथ व शेण कधी झाले ते आणि कानातील बारा अंकी बिल्ल्याचा क्रमांक वहीत लिहून घ्यावा. पेटी कोरड्या जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी टांगावी, आणि मुदत संपलेली बाटली पावसाळ्यापूर्वीच काढून टाकावी.