पोरं वर्गात बोलतच नाहीत, काय करू?

प्रश्न : मॅडम, मी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला इंग्रजी शिकवते. आठवड्यातला एक तास फक्त बोलण्यासाठी ठेवलाय, पण काहीही विचारलं की त्याच तीन-चार पोरी हात वर करतात, बाकीचे माना खाली घालून बसतात. येत नाही म्हणावं तर वहीत नीट लिहितात. काय करू? – एक शिक्षिका, बीड जिल्हा

उत्तर : ताई, पोर्शनच्या घाईत तुम्ही बोलण्यासाठी अख्खा तास काढलात याचंच मला आधी कौतुक वाटलं. आता पुढच्या तासाला तुमचे स्वतःचे प्रश्न मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि घरी निवांत ऐका. बहुतेक प्रश्नांची उत्तरं तुम्हाला आधीच माहिती असतील, म्हणजे 'व्हॉट कलर इज धिस?' टाइप. पोरांना बरोबर कळतं की ही परीक्षा चाललीये, मग चारचौघांत हसं होण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. आणि कुणी बोललं तरी 'रेड' म्हटलं की विषय संपला.

त्यापेक्षा तुम्हाला खरंच माहीत नाही असं काहीतरी विचारा. 'आय ॲम कमिंग टू युवर व्हिलेज ऑन बाजार डे, व्हॉट शुड आय बाय?' कुणीतरी म्हणेल 'मॅडम, बाय पेरू', लगेच मागून कुणी 'नो मॅडम, पेरू नॉट गुड, बाय बोरं'. ग्रॅमर लंगडं असेल, मराठी शब्द घुसतील, घुसू द्या, वाक्य अर्ध्यात तोडून दुरुस्ती तर अजिबात नको. फक्त 'व्हाय?' म्हणा, आणि तिसऱ्याला विचारा की तुला काय वाटतं.

दुसरं म्हणजे थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत मोजून पाहिलं तर शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबत होते, आणि तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब यायला लागली, एरवी गप्प असणारी पोरंही बोलायला लागली. इथे तर मुलाला परक्या भाषेत वाक्य जुळवायचंय, त्यामुळे त्याहून जास्त थांबलात तरी चालेल. नाव प्रश्नानंतर घ्या, आधी घेतलं की बाकीचे सुटलो म्हणून मोकळे होतात. त्याआधी मिनिटभर शेजारच्याशी बोलू दिलंत तर फारच छान, बुजऱ्या पोरांची तिथेच प्रॅक्टिस होते.

आणि त्या तीन-चार पोरींना गप्प करू नका हं, त्यांना एकेका गटात बसवून प्रश्न विचारायचं काम द्या, कारण पोरं मॅडमपेक्षा मैत्रिणीला पटकन उत्तर देतात.