इस्मिनी भित्री होती का?

प्रश्न : ताई, प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसचं 'अँटिगनी' हे नाटक नुकतंच वाचलं. राजा क्रेऑनचा हुकूम मोडून भावाच्या प्रेताला माती द्यायला निघालेली अँटिगनी आवडली, पण तिची बहीण इस्मिनी भित्री वाटली. मग तीच इस्मिनी शेवटी सोबत मरायला तयार होते तर अँटिगनी तिला एवढं झिडकारते का? सख्खी बहीण ना ती?

उत्तर : सख्खीच, आणि नाटकाची पहिली ओळ तेच सांगते, 'एकाच रक्ताची माझी सख्खी बहीण' अशा अर्थाची हाक आहे ती. आता एक गंमत जी भाषांतरात हमखास हरवते. शाळेत संस्कृतमधलं द्विवचन पाठ केलंय ना? तसं जुन्या ग्रीकमधेही होतं, फक्त दोघांसाठी वेगळं रूप. सुरवातीला अँटिगनी 'आपण दोघी' म्हणताना तेच वापरते, इस्मिनीही वापरते. मग इस्मिनी भावाला माती द्यायला नाही म्हणते आणि त्यानंतर अँटिगनीच्या तोंडी दोघी बहिणींसाठी द्विवचन येतच नाही. भांडण व्याकरणात झालंय म्हणा ना.

भित्रीचं म्हणाल तर मला पटत नाही. बापाने स्वतःचे डोळे फोडून घेतले, आईने गळफास घेतला, दोन्ही भाऊ एकाच दिवशी एकमेकांच्या हातून मेले, आता आपण दोघीच उरलोय हे इस्मिनी मोजून सांगते, आणि ज्या घरात एवढं झालंय तिथे कोणीतरी 'जिवंत राहू या' म्हणणं मला तरी शहाणपणाचंच वाटतं. शिवाय ती म्हणते की गुपचूप कर, मी कोणाला सांगणार नाही, त्यावर अँटिगनी उसळते, उलट सगळ्यांना ओरडून सांग!

आता अँटिगनी पकडली गेल्यावरचा, क्रेऑनसमोरचा सीन. इस्मिनी म्हणते मीही केलं, ती हो म्हणत असेल तर. अँटिगनी म्हणते तुला करायचं नव्हतं आणि मी तुला सोबत घेतलंही नाही, नुसत्या शब्दांनी माया करणारी मला नको. बोचरंच आहे. पण त्याच बोलण्यात ती असंही म्हणून जाते की तुला हसत असले तर दुःखानेच हसतेय, आणि तू स्वतःला वाचव, मला त्याचा हेवा नाही. म्हणून काहीजण म्हणतात की ती मुद्दाम तोडतेय, बहिणीचा जीव वाचावा म्हणून. मला हे अर्धंच पटतं. कारण इस्मिनी शेवटी पुन्हा द्विवचनात म्हणते, आपल्या दोघींचा गुन्हा सारखाच, आणि अँटिगनीचं उत्तर काय, तर धीर धर, तू जिवंत आहेस, मी केव्हाच मेलेय. तू आणि मी, वेगवेगळं. पुढे मरायला जाताना तर ती स्वतःला राजघराण्यातली एकटी उरलेली मुलगी म्हणते, इस्मिनी जिवंत असताना! नुसतं वाचवायचंच होतं तर तेव्हा हे कशाला?

जमलं तर सोफोक्लीसचंच 'कोलोनसमधला ईडिपस' वाचा, ईडिपस म्हणजे या दोघींचा बाप. सोफोक्लीस गेल्यावर इ.स.पू. 401 मधे ते रंगभूमीवर आलं. कथेत हे आधी घडतं. आंधळ्या बापाला बातमी सांगायला इस्मिनी एका नोकराला घेऊन घोड्यावरून शोधत येते, तिथे तिला भित्री म्हणून बघा. आणि बाप गेल्यावर दोघी मिळून रडतात, एकमेकांवर उठलेल्या भावांना थांबवायला थीब्जला, म्हणजे आपल्या शहरात, जायचं ठरतं.

'अँटिगनी'त मात्र क्रेऑन इस्मिनीला सोडतो आणि मग ती दिसतच नाही, पुढे तिचं काय झालं हे सोफोक्लीस सांगत नाही.