बॉस ऐकायचा कसा?

प्रश्न: 'बॉस' म्हणून ओळखला जाणारा अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन, त्याचं मी एकच गाणं ऐकलंय, 'बॉर्न इन द यूएसए'. मला ते झेंडाबिंडा फडकवणारं देशभक्तीचं गाणं वाटतं, मित्र म्हणतो एकदम उलटं आहे. पैज लागलीये, निकाल द्या.

उत्तर: पैज हरलात. पण वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या आधी बरीच मोठी माणसं फसलीयेत. सप्टेंबर 1984 मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन प्रचारासाठी न्यू जर्सीतल्या हॅमंटनला गेले आणि भाषणात स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेचं तोंडभरून कौतुक करून आले. थोड्याच दिवसांत पिट्सबर्गच्या स्टेजवरून स्प्रिंगस्टीनने टोला दिला, की राष्ट्राध्यक्षांचा आवडता अल्बम कोणता असेल बुवा, 'नेब्रास्का' तर नसावा, आणि लगेच त्याच अल्बममधलं 'जॉनी 99' सुरू केलं. हे गाणं कारखाना बंद पडून नोकरी गेलेल्या आणि दारूच्या नशेत खून करून बसलेल्या माणसाचं.

आता तुमच्या गाण्यात काय आहे ते बघा. व्हिएतनामहून परत आलेला एक जण रिफायनरीत काम मागतो, मिळत नाही, माजी सैनिकांच्या ऑफिसात जातो, तिथूनही हात हलवत परत, भाऊ व्हिएतनाममधल्या खे सानच्या लढाईत गेला तो गेलाच, आणि दहा वर्षांनी हा तुरुंगाच्या सावलीत उभा, जायला जागाच नाही. हे सगळं कडव्यांत आहे हो, पण ध्रुवपद इतकं सोपं आणि ढोल इतका दणदणीत की मुठी आवळून ओरडायच्या नादात कडवी कानावरून निघून जातात. माझं मत विचाराल तर ध्रुवपदातला अभिमानही खोटा नाहीये, 'मी इथलाच आहे ना, मग माझी ही गत का' असा तो हक्काचा आवाज आहे. याच गाण्याचा नुसत्या गिटारवरचा 1982 चा डेमो, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, 1998 मध्ये 'ट्रॅक्स' या संग्रहात आला, तो ऐका, कुणालाही नाचावंसं वाटणार नाही. (मित्राला पैजेचे पैसे देण्याआधी ऐकू नका, मूड जाईल.)

प्रश्न: इतका श्रीमंत माणूस, आणि गाणी कामगारांची, बेकारांची. हे जरा नाटकी नाही का वाटत?

उत्तर: हा आरोप त्याने स्वतःच स्वतःवर केलाय! 2017 मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाट्यगृहांच्या भागात, त्याचा एकट्याचा शो सुरू झाला, त्यात सुरुवातीलाच कबूल करून टाकतो की कारखान्याचं तोंड पाहिलं नाही, नऊ ते पाच नोकरी केली नाही, आणि आयुष्यभर लिहिलं मात्र त्यावरच. मग हे आलं कुठून? घरातून. फ्रीहोल्ड नावाच्या न्यू जर्सीतल्या गावात तो वाढला, वडील कधी गालिच्यांच्या गिरणीत, कधी बसवर ड्रायव्हर, कधी तुरुंगात पहारेकरी, कुठेच धड टिकले नाहीत. रात्री स्वयंपाकघरात अंधारात एकटेच बसून राहायचे. घर चालवलं आईने, वकिलाच्या ऑफिसात सेक्रेटरी होती ती. 'द रिव्हर' या गाण्यातलं कोवळ्या वयात लग्न झालेलं आणि काम गेलेलं जोडपं म्हणजे त्याची सख्खी बहीण आणि मेहुणा. म्हणजे अनुभव दुसऱ्याचा असला तरी ऐकीव नाही, जवळून बघितलेला आहे. आणि तो वरून कीव करत नाही, स्वतः त्या माणसाच्या तोंडून 'मी' म्हणून बोलतो, अगदी 'नेब्रास्का'च्या पहिल्या गाण्यात खुन्याच्या तोंडूनसुद्धा, कुठेही न्यायाधीश न बनता. मला त्याची हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

बाय द वे 'बॉस' हे नाव कामगारांशी संबंधित नाही, सुरुवातीच्या काळात क्लबमधून पैसे घेऊन बँडमध्ये वाटायचं काम तो करायचा म्हणून पडलं. त्याला स्वतःला ते फारसं आवडत नाही.

प्रश्न: सुरुवात कुठून करू? आणि आजच्या गाण्यांवर त्याचा खरंच काही परिणाम आहे की जुने फॅन उगाच बोलतात?

उत्तर: आधी 'बॉर्न टू रन', 1975 चा. त्यातलं नुसतं नावाचं गाणं बनवायला सहा महिने घातले होते, एकावर एक वाद्यं चढवत, आणि त्यावर त्याच्या बँडमधल्या क्लेरन्स क्लेमन्सचा सॅक्सोफोन. मग एकदम 'नेब्रास्का'. हा अल्बम न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, बेडरूममध्ये, चार ट्रॅकच्या साध्या कॅसेट रेकॉर्डरवर झालाय. खरं तर बँडला दाखवायला केलेले ते डेमो, ती कॅसेट तो कव्हरशिवाय खिशात घालून फिरायचा, नंतर स्टुडिओत अख्खा बँड घेऊन परत करून बघितलं तर गाण्यातला जीवच जायचा, शेवटी 1982 मध्ये तीच कॅसेट रेकॉर्ड म्हणून बाहेर काढली.

परिणाम इथेच सापडतो. घरात एकट्याने, खरखर तशीच ठेवून रेकॉर्ड करणारे कितीतरी इंडी (मोठ्या कंपन्यांपासून स्वतंत्र) गायक या अल्बमकडे बोट दाखवतात. कंट्री गायक जॉनी कॅशने तर 1983 मध्येच यातली दोन गाणी गायली आणि आपल्या अल्बमचं नावच 'जॉनी 99' ठेवलं. मोठ्या आवाजाच्या बाजूला द किलर्स, आर्केड फायर हे रॉक बँड ऐका, 'बॉर्न टू रन'चं रक्त लगेच ओळखू येईल.

'नेब्रास्का' मात्र स्पीकरवर पार्टीत लावू नका. रात्री, हेडफोन लावून, आणि शक्यतो गाण्याचे शब्द समोर उघडून.