संभाव्यतेची गणिते सुटतात, पण रँडम प्रोसेस कळत नाही. सुरुवात कुठून करावी?

आपण विचारले आहे की, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी नाणी, फासे आणि बेझच्या प्रमेयावरची गणिते सुटत असूनही रँडम प्रोसेसचे प्रकरण आले की सूत्रे पाठ करण्यापलीकडे काही हाती का लागत नाही. हा विषय शिकवताना मला असे दिसले की खरी अडचण बरीच आधी, रँडम व्हेरिएबलच्या व्याख्येपाशीच झालेली असते. रँडम व्हेरिएबल म्हणजे प्रयोगाच्या प्रत्येक निष्पत्तीला एक संख्या नेमून देणारे फलन. रँडम प्रोसेसमध्ये त्याच निष्पत्तीला संख्येऐवजी वेळेनुसार बदलणारी अख्खी लहर नेमून दिलेली असते. निष्पत्ती स्थिर धरली तर हातात एक लहर उरते आणि वेळ स्थिर धरली तर एक रँडम व्हेरिएबल.

आता एकच उदाहरण घ्या, पण ते कागदावर शेवटपर्यंत सोडवा. १ व्होल्ट आयाम आणि ठरलेली वारंवारता असलेली कोसाइन लहर घ्या, जिची फेज ० ते २ पाय या पल्ल्यात समप्रमाणात वितरित आहे. फेजवर संकलन केले की कोणत्याही क्षणी माध्य शून्य येते. दोन क्षणांच्या किमतींचा गुणाकार करून त्याची सरासरी काढली की ऑटोकोरिलेशन मिळते. ते वेळेतील फरकाच्या कोसाइनच्या निम्मे असते, म्हणजे ते केवळ त्या फरकावर अवलंबून राहते. माध्य वेळेनुसार बदलत नाही आणि ऑटोकोरिलेशन केवळ वेळेतील फरकावर अवलंबून आहे, म्हणून ही प्रोसेस वाइड-सेन्स स्टेशनरी ठरते. यानंतर फेजचा पल्ला ० ते पाय एवढाच करून पुन्हा संकलन करा. गंमत अशी की ऑटोकोरिलेशन जसेच्या तसे राहते, पण माध्य शून्य न राहता वेळेबरोबर वरखाली होऊ लागते आणि त्याची कमाल किंमत सुमारे ०.६४ व्होल्ट भरते. माध्य न तपासता 'स्टेशनरी' असे लिहून मोकळे होणारे विद्यार्थी नेमके इथेच गुण गमावतात.

अर्गोडिक या शब्दाला फार घाबरू नये. एकाच लहरीची वेळेवर काढलेली सरासरी सगळ्या लहरींच्या सरासरीएवढी येत असेल, तर ती प्रोसेस अर्गोडिक. खोकाभर बॅटऱ्यांमधून, ज्यांचे व्होल्टेज थोडे थोडे वेगळे आहे, एक उचलून तिला दिवसभर मल्टिमीटर लावून ठेवला, तरी कळेल ते त्या एका बॅटरीचे व्होल्टेज. खोक्याची सरासरी त्यातून कळणार नाही. ही प्रोसेस स्टेशनरी आहे, पण अर्गोडिक नाही.

एवढे झाले की पॉवर स्पेक्ट्रमकडे वळा. वीनर-खिंचिन प्रमेयानुसार ऑटोकोरिलेशनचे फुरिये रूपांतर म्हणजेच पॉवर स्पेक्ट्रल डेन्सिटी, म्हणजे कोणत्या वारंवारतेवर किती पॉवर आहे याचा आलेख. वरच्या पहिल्या लहरीचे रूपांतर केलेत तर अधिक आणि उणे वारंवारतेवर दोन टोकदार रेषा मिळतील आणि दोहोंतील पॉवरची बेरीज, ऑटोकोरिलेशनमध्ये वेळेचा फरक शून्य ठेवल्यावर येते तेवढीच, म्हणजे बरोबर ०.५ भरेल.