वाचकांचे प्रश्न : स्टील गिटारचं धुरकटलेलं ॲल्युमिनियम

प्रश्न : माझ्या जुन्या पेडल स्टील गिटारच्या (आडवी ठेवून वाजवायची, पायाच्या पेडलने सूर बदलणारी गिटार) एंडप्लेट, पेडल बार आणि नेक पांढुरके, धुरकट झाले आहेत. मेटल पॉलिश लावलं तर काही भाग चकाकले, काहींवर ढिम्म फरक पडला नाही. असं का होतं?

उत्तर : दिसायला सारखे असले तरी या भागांवरचा थर एकसारखा नसतो. एकाच गिटारवर उघडं ॲल्युमिनियम, ॲनोडाइझ केलेलं (पृष्ठभागावर विजेच्या प्रक्रियेने कठीण ऑक्साइडचा थर चढवलेलं), वरून पारदर्शक लॅकर मारलेलं आणि क्रोमचा मुलामा दिलेलं, असे चारही प्रकार सापडू शकतात. पॉलिशची ट्यूब उघडण्याआधी कुठे काय आहे ते ओळखून घ्या.

सहज न दिसणाऱ्या जागी पॉलिशचा ठिपका घेऊन पांढऱ्या फडक्याने दहा-बारा वेळा घासा. फडका लगेच काळा पडला तर धातू उघडा आहे. काळा पडला नाही, तर मल्टिमीटर रेझिस्टन्सवर ठेवून त्याची दोन्ही टोकं पृष्ठभागावर हलकेच टेकवा. जोर देऊ नका, नाहीतर टोक थरातून आत जाईल. क्रोम वीज वाहून नेतो, त्यामुळे आकडा शून्याच्या जवळ येतो. लॅकर आणि ॲनोडायझिंग दोन्ही वीज अडवतात. त्या दोघांतला फरक ॲसिटोन सांगतो : कापसाच्या काडीवर थेंबभर घेऊन लावा, जागा चिकट झाली तर बहुधा लॅकर आहे. ॲसिटोन फ्रेटबोर्डची छपाई, प्लास्टिक आणि लाकडावरचं पॉलिश खाऊन टाकतो, म्हणून ही चाचणी सुटा केलेल्या भागावरच करा.

लॅकर पिवळं पडलं असेल तर ते पूर्ण काढून खालचा धातू पॉलिश करता येतो. ॲनोडायझिंगचं तसं नाही. तो थर म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, पॉलिश पेपरच्या दाण्यांमध्ये असतं तेच. म्हणून साध्या पॉलिशने तो हलत नाही. त्यात धुरकटपणा आला असेल तर बहुतेक वेळा कुणीतरी अल्कधर्मी क्लीनर वापरलेला असतो. मेण लावून थोडा झाकला जातो, तेवढंच. पेपरने घासून काढायला गेलात तर आधी कडा उघड्या पडतात आणि मधे ठिगळं राहतात. कॉस्टिक सोड्यात बुडवून थर निघतो खरा, पण सोडा खालचं ॲल्युमिनियमही खातो, उष्णता आणि हायड्रोजन सोडतो. हे काम घरी करण्याजोगं नाही. ॲनोडायझिंग करणाऱ्यांकडे द्या, किंवा आहे तसं राहू द्या.

प्रश्न : उघड्या ॲल्युमिनियमच्या भागांसाठी नेमकी पद्धत सांगाल का?

उत्तर : आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, तारा सैल करून उतरवा आणि पेडल बार, पेडल, नी-लिव्हर (गुडघ्याने ढकलायचे दांडे) असे जे भाग सहज सुटतात ते सुटे करा. प्रत्येकाचे स्क्रू वेगळ्या पुडीत ठेवा. एंडप्लेट काढताना जपा : काही गिटारमध्ये चेंजर (पेडल दाबल्यावर तारांचा सूर बदलणारी यंत्रणा) आणि क्रॉस रॉड (गिटारखालचे आडवे दांडे) तिच्याच आधाराने बसलेले असतात. तशी रचना दिसली तर प्लेट जागेवरच ठेवून तिच्याभोवती मास्किंग टेप लावा. चेंजर खोलण्याचं धाडस निव्वळ चकाकीसाठी करू नये.

सुटे भाग सौम्य डिश सोप घातलेल्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुवा, लगेच कोरडे करा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा काढा. ओव्हन क्लीनर, अमोनिया, भांडी धुण्याच्या मशीनची पावडर यांपैकी काहीही नको. ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर साधारण 4 ते 8.5 पीएचमध्ये टिकतो. त्यापलीकडे गेलात की पृष्ठभाग करडा, डागाळलेला होतो, आणि घासायचं काम दुप्पट वाढतं.

नुसता धुरकटपणा असेल तर पेपर लावूच नका. वाटाण्याएवढं मेटल पॉलिश सुती फडक्यावर घेऊन तळहाताएवढ्या भागावर घासा, वाळण्याआधी स्वच्छ फडक्याने पुसा आणि मग पुढच्या जागी जा. पॉलिश वाळलं की ते कोपऱ्यांत आणि अक्षरांच्या खाचांत पांढरं जमून बसतं.

ओरखडे किंवा बारीक खड्डे असतील तर वॉटर पेपर लागतो. 600 ने सुरुवात करा, खोल ओरखडा असला तरच 400. मग 1000, 1500, 2000. पेपर ओला ठेवा, सपाट भागावर तो कडक रबराच्या ठोकळ्याला गुंडाळा, म्हणजे कडा गोल होणार नाहीत. दर नंबरला घासण्याची दिशा काटकोनात बदला. आधीच्या नंबरच्या रेषा आडव्या दिसतात, त्या पूर्ण नाहीशा होईपर्यंत पुढचा नंबर घ्यायचा नाही. शेवटी चकाकी आल्यावर जो एखादा जाड ओरखडा डोळ्यांत खुपतो, तो बहुधा 600 चा राहून गेलेला असतो, आणि त्यासाठी पुन्हा 600 पर्यंत मागे यावं लागतं. ओतीव भागात मात्र धातूच्या आतच छिद्रं असतात. घासाल तशी नवी उघडी पडतात. चारदोन टिंबं राहिली तर राहू द्यावीत.

प्रश्न : फडका काळा येतच राहतो. म्हणजे भाग अजून घाण आहे का?

उत्तर : नाही. तो काळा रंग घासून निघालेल्या ॲल्युमिनियमच्या अतिबारीक कणांचा आहे. घासत राहाल तोवर येत राहणार. थांबायचं ते चकाकी पाहून, फडका पाहून नव्हे.

प्रश्न : स्टील वूलने काम लवकर होईल का?

उत्तर : होईल, आणि त्याचे तुकडे पिकअपच्या चुंबकांना जाऊन चिकटतील. शिवाय मऊ ॲल्युमिनियममध्ये रुतलेला लोखंडाचा कण ओलावा मिळताच गंजतो आणि भोवतालचं ॲल्युमिनियमही कुरतडतो. वॉटर पेपर किंवा नायलॉनचं बारीक स्क्रबर वापरा. पिकअपवर टेप मात्र काहीही वापरलं तरी हवीच.

प्रश्न : बफिंग मशीन वापरावं का?

उत्तर : एंडप्लेटसारख्या जाड, सुट्या भागासाठी चालेल. आधी बफला, म्हणजे कापडी चाकाला, तपकिरी ट्रिपोली ही पॉलिशची वडी लावा, मग पांढरी वडी. दोन्हींचे बफ वेगळे ठेवा, आणि मधे भाग धुवून घ्या. भाग चाकाच्या मध्याखाली धरा आणि त्याची कड कधीही फिरणाऱ्या चाकाच्या समोर येऊ देऊ नका, कारण चाक ती पकडून भाग फेकतं. पेडलच्या लांब, बारीक सळया तर बफला दाखवूही नयेत, त्या हातानेच पुसाव्यात. लोखंड घासताना ठिणग्या उडणाऱ्या ग्राइंडरच्या शेजारी ॲल्युमिनियमचं बफिंग करू नका, कारण ॲल्युमिनियमची बारीक धूळ पेट घेऊ शकते. डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क हवाच.

प्रश्न : पॉलिशनंतर दोन महिन्यांत पुन्हा झाक गेली. वरून लॅकर मारू का?

उत्तर : आरशासारख्या गुळगुळीत ॲल्युमिनियमवर लॅकर नीट धरत नाही. एका टोकाला सुटलं की घामातलं मीठ त्याखाली शिरून दोऱ्यांसारख्या रेषांनी पसरत जातं, आणि मग सगळंच लॅकर काढावं लागतं. त्यापेक्षा कार्नौबा किंवा मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात बरा. वीसेक मिनिटं थांबून मऊ फडक्याने पुसा आणि झाक उतरायला लागली की पुन्हा लावा. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने नेक आणि नी-लिव्हर पुसणं हे मेणापेक्षाही जास्त उपयोगी पडतं. केसमध्ये ओल धरत असेल तर सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

प्रश्न : चेंजरच्या फिंगरवर (तार जिच्यावर टेकते त्या गोलसर पट्टीवर) तारांनी खाचा पाडल्या आहेत. त्याही पॉलिश करता येतील?

उत्तर : उथळ असतील तर. अशी खाच तार झणझणवते आणि त्याच जागी वारंवार तोडते, म्हणून हे काम दिसण्यापेक्षा आवाजासाठी आहे. तार उतरवा, फिंगरच्या भोवतालच्या फटी टेपने बंद करा. अरुंद पट्टी कापून वॉटर पेपर 600, 1000, 2000 या क्रमाने तारेच्या दिशेनेच, फिंगरच्या गोलाईला धरून ओढा. इथे पेपर जेमतेम ओलसर असावा. आडवं घासलं तर नवे ओरखडे तारेला अडकतात. गोलाई सपाट झाली तर तार फिंगरला नीट टेकत नाही आणि आधीपेक्षा जास्त झणझणते. फिंगरची उंचीही शेजाऱ्यांच्या बरोबरीने राहायला हवी, एक तार खाली गेली की वाजवताना हातात धरलेला स्टीलचा बार तिच्यावर टेकत नाही. खाच खोल असेल तर फिंगर बदलणंच योग्य.

शेवटी थोडंसं पॉलिश कापसाच्या काडीवर घेऊन फिरवा, लगेच आयसोप्रोपिलने पुसा, आणि मगच टेप काढा. पॉलिशचे कण फिंगरच्या आसावर पोचले तर तेलात मिसळून धातू झिजवत राहतात, आणि पेडल सोडल्यावर सूर मूळ जागी परत येत नाही.